सार्को: असल्या यंत्राला 'सुरक्षित' म्हणून कोण पास करणार?

टेस्टलंग (नाशिक)

मी व्हेंटिलेटर दुरुस्त करायचो, आता निवृत्त आहे. यंत्र पेशंटला लावण्याआधी रबरी टेस्ट लंग, म्हणजे नकली फुप्फुस, जोडून चालवायचं, अलार्म वाजतात का बघायचं, ऑक्सिजन सेन्सर तपासायचा, सर्व्हिस रिपोर्टवर सिस्टरची सही घ्यायची. ती खोड अजून गेली नाही. कुठलंही यंत्र दिसलं की आधी मनात येतं, हे तपासलं कोणी?

सार्कोबद्दल तेच विचारायचंय. ऑस्ट्रेलियाच्या फिलिप निट्श्के यांची ही थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली, स्वतःहून मरण पत्करणाऱ्यांसाठीची बंद कुपी. झोपणाऱ्याने आतून स्वतः बटण दाबायचं. २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये मेरिसहाउझेनजवळच्या जंगलात ६४ वर्षांच्या एका अमेरिकन बाईंनी त्यात प्राण सोडला. पोलिसांनी कुपी जप्त केली, धरपकड झाली. आणि त्याच दिवशी मंत्री एलिझाबेथ बोम-श्नायडर यांनी संसदेत सांगितलं की हे यंत्र उत्पादन सुरक्षा कायद्यात बसत नाही, रसायनांच्या कायद्यातही नाही.

इथे मी अडकलो. आमच्या यंत्रावर माणूस दगावला तर बिघाड. ह्यात माणूस वाचला तर बिघाड! मग सुरक्षित कशाला म्हणायचं? थट्टा नाही, खरंच विचारतोय. आणि आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

विंटरथूरकर

काका, मेरिसहाउझेन माझ्या घरापासून फार लांब नाही, त्या आठवड्यात ऑफिसात दुसरा विषय नव्हता. इथल्या लोकांना मदतीने मरण्याचं नवल नाही. दंडसंहितेचं कलम ११५ १९४२ पासून आहे: स्वार्थापोटी कुणाला आत्महत्येत मदत केली तर शिक्षा. स्वार्थ नसेल तर गुन्हा नाही. या एका वाक्याच्या आधारावर एक्झिट (१९८२) आणि डिग्निटास (१९९८) या संस्था उभ्या आहेत. शेवटची कृती मात्र त्या माणसानेच करायची, दुसऱ्याने केली तर कलम ११४ खाली गुन्हा. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक वेळी नंतर पोलीस येऊन चौकशी करतात.

सार्कोने यातली चिठ्ठीच काढून टाकली. लोक बिथरले ते त्याने. आधी डानिएल ह्युर्लिमान नावाच्या कायदेतज्ज्ञांनी सार्कोवाल्यांनाच मत दिलं होतं की हे वैद्यकीय उपकरण ठरत नाही, म्हणून त्या नियमांत येत नाही. मंत्रीणबाई म्हणतात दुसऱ्या नियमांत अडकतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तपासायचं कोणत्या खात्याने यावरच एकमत नाही.

कोर्टकचेरी (पुणे)

गंमत बघा, आपल्याकडेही ११५ च आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा नाही. मदत करणाऱ्याला मात्र सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, दहा वर्षांपर्यंत कैद. सार्को इथे आणला तर हेतू कितीही निर्मळ असो, हेच लागेल.

टेस्टलंग, तुमच्या यंत्रांबद्दल मात्र कायदा बराच पुढे आलाय. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती परवानगी नाकारली, पण उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल (पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी वापरेना, म्हणून २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं ठरवतात. व्हेंटिलेटर नको म्हणणं कायदेशीर, बटण दाबून देणं गुन्हा.

सह्याद्रीपुत्र

उगाच स्वित्झर्लंडला कशाला जाताय? सावरकरांनी १९६६ साली, विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्नपाणी सोडलं. यंत्र लागलं नाही.

बायपॅपवाली (डोंबिवली)

सह्याद्रीपुत्र, दोघांच्या भोवती माणसं होती. त्यावर बोला की.

मला स्नायूंचा आजार आहे, रात्री श्वासाचं मशीन लावून झोपते. "तुझ्या जागी मी असते तर कधीच संपवलं असतं" हे लग्नाकार्यात, हातात पेढा ठेवताना ऐकलंय मी. कौतुक म्हणून बोलतात! त्यामुळे 'ज्याची त्याची इच्छा' म्हटलं की मी सावध होते. कूस वळवायला रात्रीची बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, दुखणं कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा तालुक्याच्या गावी बहुधा नसतेच. मग ती इच्छा माझी की घरच्या हिशेबाची? हे कुपीला कसं कळणार?

काका, तुम्ही स्वतः बरे आहात ना? राग मानू नका, विचारावंच लागतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात तसले विचार येत असतील तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

टेस्टलंग (नाशिक)

मी ठणठणीत आहे, बाई. विचारलंत ते बरं केलंत.

तुम्ही म्हणालात तिथेच माझीही सुई अडकते. निट्श्के १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात होते तेव्हा त्यांचं यंत्र लॅपटॉपला जोडलेलं होतं, पडद्यावर प्रश्न यायचे, माणूस हो म्हणायचा. तो लॅपटॉप आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पण तिथल्या इच्छामरणाच्या कायद्याला लॅपटॉपच्या आधी डॉक्टरांची आणि मनोविकारतज्ज्ञाची सही लागायची. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने तो कायदाच मोडीत काढला. आता हेच गृहस्थ म्हणतात की माणूस शुद्धीत, समजून निर्णय घेतोय का, हेही संगणकाच्या चाचणीने ठरवावं. मनाला जोडायचं टेस्ट लंग मी तरी पाहिलेलं नाही. माझा असल्या मरणाला सरसकट विरोध नाही, आयसीयूत फार पाहिलंय. पण सही करायला माणूस हवा, ज्याला उद्या जाब विचारता येईल.

कोर्टकचेरी, आता कामाचं. बायकोचं आणि माझं लिव्हिंग विल एकाच कागदावर चालेल का? मराठीत?

कोर्टकचेरी (पुणे)

दोन वेगळे कागद करा. मराठी चालेल. तुमच्या वतीने निर्णय घेणारे म्हणून एकाहून जास्त नावं घाला आणि त्यांना आधी विचारा. एक प्रत महापालिकेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे हे अधिकारी नेमायला गती आली. नाशिकला आरोग्य विभागात चौकशी करा. टेबलावरच्या माणसाला माहीत नसेल तर २०२३ च्या आदेशाची प्रत सोबत न्या.