शेकराचं घरटं की शेकरूचं?

रानवेडी:
मुलांसाठी जंगलातल्या प्राण्यांचं माहितीपत्रक लिहितेय. त्यात शेकरूबद्दल, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीबद्दल, 'शेकराचं घरटं उंच झाडाच्या शेंड्याकडे असतं' असं वाक्य होतं. तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्दांवर खूण केली, म्हणे 'शेकरूचं' लिहा आणि घरटं पक्ष्याचं असतं, इथे दुसरा शब्द शोधा. मी तर लेकराचं, वासराचं तसंच शेकराचं म्हणत आले. काय बरोबर?

बोरू:
शेकराचंच. ऊकारान्त नपुंसकलिंगी आहे ना, लेकरू-लेकरं-लेकराला, मग शेकरू-शेकरं-शेकराला. शेकरूला, शेकरूंची हे बातम्यांतून आलंय, इंग्रजी नावाला विभक्ती चिकटवावी तसं.

सह्यवारा:
बातम्यांतून आलं म्हणून चूक कसं? राज्यप्राणी झाल्यापासून लोकांना तो शब्द नाव म्हणून कळला, आणि नाव माणूस सहसा मोडत नाही. मी भीमाशंकरला वाटाड्यांकडून 'शेकरू' ऐकलंय, 'शेकराला' एकदाही नाही.

बोरू:
वाटाडे पर्यटकांशी बोलतात तेव्हा पर्यटकांचंच मराठी बोलतात. घरात काय म्हणतात ते विचारा.

जुनीवही:
यातला रू म्हणजे रूप. वासरू हे वत्सरूप वरून आलं, म्हणजे लहान रूप. मग शेपटीसकट जवळपास मीटरभर लांब आणि दीड-दोन किलोच्या प्राण्याला रू का लावलं? मला वाटतं मूळ शब्द शेखर असावा, झाडाच्या माथ्यावर राहणारं ते.

सह्यवारा:
शेखरवालं पटत नाही, नुसता आवाज जुळतो म्हणून व्युत्पत्ती लावायची सवय आपल्याला फार. मल्याळममध्ये मलयण्णान म्हणजे डोंगरातली खार, तमिळमध्येही मलै अणिल. तिथे नाव डोंगरावरून आलंय.

झाडपाला:
घरट्याबद्दल बोला की, खरी अडचण तिथेय. मी दुर्बिणीतून बघितलंय, काटक्या आणि पानांचा बंद गोळा असतो, आणि तो मुद्दाम बारीक फांद्यांवर, म्हणजे जड शिकारी तिथवर पोचत नाही. एकाच शेकराची अशी बरीच घरटी असतात, झोपायला वेगळी, पिल्लांसाठी वेगळं. त्यासाठी झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले लागतात, कारण ते जमिनीवर क्वचितच उतरतं. मधली आंबा-जांभळाची जुनी झाडं तोडली की वाटच तुटते. ढोली म्हणाल तर ती खोडातली पोकळी, आणि हे तर बांधलेलं आहे. घरटंच म्हणा, दुसरा शब्द शोधायची गरजच काय?

बोरू:
विणलेलं, बांधलेलं ते घरटं, त्याला पक्षीच हवा असा नियम मला कुठे सापडला नाही. मान्य.

जुनीवही:
पण पत्रकात ते उडणारी खार म्हणून दाखवू नका, फार जण तिथे गल्लत करतात. उडणारी खार निशाचर, तिच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, ती तरंगत जाते. शेकरू दिवसा फिरतं आणि नुसती झेप घेतं, तीही 6 मीटरपर्यंत, शेपूट तोल सांभाळायला.

रानवेडी:
झेप लिहिली आहे. पोटावर फिकट, पाठीवर तांबूस हेही आहे. मागच्या पायांनी फांदीला लटकून पुढच्या पायांत फळ धरून खातं तेही घातलंय, मुलांना ते आवडेल. आता शेकराचं ठेवू का?

सह्यवारा:
मुलांसाठी असेल तर 'शेकरूचं', त्यांनी नाव ओळखलं पाहिजे.

बोरू:
मग पुढे लेकरूचं, पाखरूचं म्हणतील, ते चालेल का?

कोकणकडा:
आमच्याकडे म्हातारी माणसं शेकरा म्हणतात, तो शेकरा. तेव्हा 'शेकऱ्याचं घरटं' झालं पाहिजे. बाकीच्यांकडे काय म्हणतात?