समुद्राच्या पाण्यातलं जीवनसत्त्व बी१ (थायमिन) आणि बी१२: रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळणारा भाग) कुठे गळतेय?

खारा_थेंब:
१ लिटर नमुना ०.२ मायक्रॉनमधून गाळून, पीएच ६.५ करून, मिनिटाला १ मिलीने सी१८ कार्ट्रिजमधून (पाणी न आवडणारे रेणू धरून ठेवणारी नळी) सोडला. मिथेनॉलने उतरवून नायट्रोजनखाली २५० मायक्रोलिटरपर्यंत आटवला. मोजणी एलसी-एमएस/एमएसवर (रेणू वेगळे करून त्यांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र), तुलनेची मानकं शुद्ध पाण्यात. स्पाइक केलेलं (मुद्दाम मोजून घातलेलं) सायनोकोबालामिन, म्हणजे बी१२ चं एक रूप, ८० टक्के परत मिळतं, थायमिन जेमतेम १५. आणि स्पाइक न केलेल्या नमुन्यात बी१२ चं शिखरच दिसत नाही. पीएच २ करून पाहू का?

पिपेट_बहाद्दर:
पीएचला हात लावण्याआधी थायमिन खरंच हरवतंय की मीठ त्याचा सिग्नल दाबतंय, हे ठरवा. दोन नमुने घ्या: एकात स्पाइक कार्ट्रिजच्या आधी, दुसऱ्यात आटवलेल्या अर्कात. दुसऱ्यातही आकडा पडला तर दोष आयनीकरणाचा. शुद्ध पाण्यातल्या मानकांवर हा फरक कधीच कळणार नाही.

लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे उतरवण्याआधी कार्ट्रिज पाण्याने धुवावंच लागतं. धुवणाच्या शेवटच्या थेंबांत सिल्व्हर नायट्रेट टाका. दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे. पण फार धुतलंत तर थायमिनही वाहून जातं. त्यावर कायमचा धन प्रभार आहे, सी१८ त्याला नीट धरत नाही. म्हणून धुवण फेकू नका, तेही इंजेक्ट करा. बऱ्याचदा हरवलेला माल तिथेच सापडतो.

पीएच २ चा उपयोग बायोटिनला (जीवनसत्त्व बी७): त्याचा आम्लगट प्रभारहीन होतो आणि ते चिकटतं. थायमिनवर तिथे उलट दुसरा प्रभार चढतो, त्यामुळे तुमचे १५ चे ५० होणार नाहीत. कार्बन-१३ वालं थायमिन कार्ट्रिजच्या आधी घाला आणि गुणोत्तराने हिशेब करा. बी१२ साठी स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच वाढत्या मात्रेने मानक घालून मोजणं) पुरे.

गडद_बाटली:
बी१२ दिसत नाही कारण तुम्ही ६७८.३ → १४७.१ (मूळ आयन → त्याचा तुकडा) एवढंच बघताय ना? ते सायनो रूप. समुद्रात हायड्रॉक्सो, मिथाइल आणि ॲडिनोसिल असतात. शेवटची दोन उजेडात काही मिनिटांत हायड्रॉक्सो होतात. तपकिरी बाटली, फॉइल, मंद लाल दिवा, हे गाळण्यापासूनच हवं. हायड्रॉक्सोसाठी ६६४.८ → १४७.१ जोडा. त्याचं शिखर पसरट येतं, सिलिकाला चिकटतं. काचेऐवजी पॉलिप्रोपिलीनची व्हायल वापरा.

सगळी रूपं सायनाइडने सायनोत बदलण्याची वाट आहे, पण आम्ल केलेल्या नमुन्यात सायनाइड कधीही घालू नका, हायड्रोजन सायनाइड सुटतो. फ्यूम हूड नसेल तर तो विचारच सोडा.

शिवाय १४७ हा तुकडा डायमिथाइलबेंझिमिडाझोलचा, बी१२ च्या रेणूतल्या एका भागाचा. सायनोबॅक्टेरियांच्या स्यूडोकोबालामिनमध्ये (बी१२ सारखाच रेणू) त्या जागी ॲडेनिन असतं, त्याचा तुकडा १३६ ला येतो. तो तुमच्या पद्धतीत पूर्ण अदृश्य आहे.

खारा_थेंब:
हायड्रॉक्सो जोडतो. पण पातळी पिकोमोलरची, उपकरणाला पुरेल का? आणि ब्लँक (जीवनसत्त्व नसलेला तुलनेचा नमुना) कशाचा?

पिपेट_बहाद्दर:
हिशेब करा: १ पिकोमोलर म्हणजे लिटरमागे १ पिकोमोल, बी१२ चे सुमारे १.३६ नॅनोग्रॅम. सगळं परत मिळालं तर २५० मायक्रोलिटरमध्ये ४ नॅनोमोलर. १० मायक्रोलिटर इंजेक्शनला ४० फेम्टोमोल. नेटका क्यूट्रॅप (एमएस/एमएस यंत्राचा एक प्रकार) हे पकडतो, पण रिकव्हरी १५ टक्के असेल तर हातात उरतात ६.

ब्लँकला शुद्ध पाणी नको. सक्रिय कोळशातून काढलेलं समुद्राचं पाणी घ्या, कोळशाची धूळ गाळून. म्हणजे क्षार तेवढेच राहतात. गाळताना निर्वात जोरात ओढू नका, पेशी फुटल्या की आतला बी१२ नमुन्यात येतो आणि आकडा छान वाटतो. आम्लही गाळल्यावरच. नमुना लगेच करणार नसाल तर गाळून –२० ला. समुद्राच्या मूळ ८.१ पीएचला, खोलीच्या तापमानात ठेवलात तर थायमिन हळूहळू मोडतं.