विषय: मन्याची पाव गोळी, गणपतीतले तीन आठवडे

प्रेषक: मेघना

नमस्कार मंडळी,
आम्ही गणपतीला पुण्याला निघतोय, आमचा बोका मन्या इथे अमेरिकेतच राहणार. नेहाताई घरी येऊन राहणार हे पक्कं आहे, तो विषय पुन्हा काढू नका. अडचण फक्त क्लोपिडोग्रेलची आहे, त्याच्या हृदयाच्या आजारात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळीची. 75 मिलीग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा, म्हणजे 18.75, दिवसातून एकदा. फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून दिलेलं फ्युरोसेमाइड तो मुकाट्याने घेतो, पण ही जिभेला लागली की तोंडभर फेस येतो आणि गोळी सोफ्याखाली जाते. कानाला चोळायचं मलम करून मिळतं असं ऐकलंय. नेहाताईंना तेच सोपं पडेल ना?

प्रेषक: श्रीकांत

मेघना, मलम नको. थायरॉइडचं मिथिमॅझोल मांजराच्या कानातून शोषलं जातं, म्हणून हेही जाईल असं नाही. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला येतं. कानाला लावून प्लेटलेटवर परिणाम होत नाही. औषध चालू आहे असं आपल्याला वाटत राहील आणि गुठळी मात्र व्हायची ती होईल.

4 नंबरच्या रिकाम्या जिलेटीन कॅपसूल आणा. गोळीवर पातळ लेप असतो, कापली की आतला कडू भाग उघडा पडतो. सगळं बिघडतं ते कॅपसूलच्या बाहेर लागलेल्या भुकटीने. म्हणून आधी एका ताटलीत पिल कटरने सगळ्या गोळ्या कापून घ्या, हात धुऊन कोरडे करा आणि चिमट्याने तुकडे भरा. बाहेरून कोरड्या टिशूने पुसा. आठवड्याच्या भरून घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवता येतात. देताना तुपाचं बोट लावा म्हणजे ती टाळूला चिकटत नाही. लगेच 5 मिली पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने, हळूहळू. कोरडी कॅपसूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. हे पाणी कधीच टाळू नका.

प्रेषक: सुलभाकाकू

पातळ औषध करून घ्या की. आणि इथे महाग पडत असेल तर येताना पुण्याहून क्लोपिडोग्रेल आणा, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं.

प्रेषक: श्रीकांत

काकू, पातळ केलं की कडूपणा जिभेवर पसरतो, फेस आणखी येईल. आणि भारतातून आणायचं म्हणाल तर तिथे ॲस्पिरिनसोबत एकत्र केलेल्या क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या सर्रास मिळतात, नावात नुसतं एक अक्षर जास्त असतं. मांजराचं यकृत ॲस्पिरिन फार सावकाश काढतं, रोज दिलं तर ते साठत जातं. इथे साधी जेनेरिक गोळी माणसांच्या फार्मसीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वस्त मिळते. तीच घ्या.

प्रेषक: अनिरुद्ध

मांजरांच्या हृदयासाठी आता आठवड्यातून एकदा द्यायचं रॅपामायसिन आलंय ना? मग रोजची कटकट कशाला?

प्रेषक: वंदना

अनिरुद्ध, ते सिरोलिमस, रॅपामायसिनचंच दुसरं नाव. मार्च 2025 मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) त्याला सशर्त मान्यता दिली, पण हृदयाची भिंत जाड झालीय आणि लक्षणं अजून नाहीत अशा मांजरांसाठी. मन्याच्या फुप्फुसात पाणी होऊन गेलंय, हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा मोठा झालाय. तो टप्पा मागे पडला. मधुमेह असलेल्या मांजराला तर ते देतच नाहीत. रोजच्या गोळीला ते पर्याय नाही. (जवळच्या दवाखान्याचे पत्ते मंडळाच्या जुन्या यादीत आहेत. ती यादी मी सांभाळते, कृपया नवी सुरू करू नका.)

प्रेषक: नेहाताई

मलम नाही हे समजलं. मला श्वासांचं सांगा. किती झाले की घाबरायचं?

प्रेषक: वंदना

ताई, गाढ झोपलेला असतानाच मोजा. गुरगुरत असेल किंवा स्वप्नात मिशा, पंजे हलत असतील तर थांबा. छाती वर आली आणि खाली गेली की एक. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या आत ठीक. 30 च्या वर दिसलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तरी तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तोंड उघडून धापा टाकत असेल, किंवा मागचे पाय ओढत ओरडत असेल आणि तळवे गार पडले असतील, तर फोनसाठी थांबू नका, थेट आपत्कालीन दवाखाना. प्रवासात टोपली झाकून गाडी गार ठेवा, त्याला दाबून धरू नका.

फ्युरोसेमाइडची वेळ चुकवू नका, चुकलीच तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. पाण्याचं भांडं सतत भरलेलं हवं. त्याच्या शू-शीच्या मातीत लघवीचे मोठे गोळे दिसतील, ते औषधाचंच काम. उलट खाणं थांबलं, उलट्या झाल्या, तो मलूल झाला, तर मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासावं लागतं. दवाखान्यात त्वचेखाली सलाइन किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं म्हणाले तर हृदयाचं आधी सांगा, दोन्हींनी फुप्फुसात पाणी भरू शकतं.

प्रेषक: सचिव

ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे, तरी मन्याचं चालू द्या. ज्यांना ढोल-ताशाच्या सरावाबद्दल विचारायचंय त्यांनी नवा विषय उघडावा.

प्रेषक: सुलभाकाकू

तूप चालतं तर चिकनचा रस का नाही?

प्रेषक: श्रीकांत

घरचा रस नको काकू, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तपेशी फोडतो. मीठही असतं. नुसतं उकडलेलं, बिनमिठाचं चालेल.

प्रेषक: वंदना

मेघना, एक राहिलं. दवाखान्याच्या नोंदीत नेहाताईंचं नाव निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून लिहून द्या. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालाची प्रत, खर्चाची मर्यादा आणि हृदय थांबलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न हवा की नको, हेही कागदावर. तुम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या, इथे संध्याकाळचे 5 म्हणजे पुण्यात पहाटेचे 2:30. फोन लागेलच असं धरू नका.

प्रेषक: मेघना

कॅपसूल मागवल्या. दवाखान्याचा कागद उद्या देते. नेहाताई, निघायच्या आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी या, पहिल्या दोन कॅपसूल मी देते, बाकीच्या तुम्ही माझ्यासमोर द्या. श्वासांची वही फ्रिजवर टांगली आहे, त्यात तारीख, वेळ आणि आकडा एवढंच लिहायचं.