एकटी सायकल, सोबत सामान : तुमचे अनुभव

घोडबंदरची
काल ठाण्यात तलावपाळीला एक मुलगी दिसली. सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, हँडलला तंबूची गुंडाळी, आणि बाईसाहेब उभ्याउभ्या उसाचा रस पितायत. कुठून गं? तर म्हणे गुहागरहून. एकटीच!

मला माझे ऑनसाइटचे, म्हणजे कंपनीच्या कामासाठी इंग्लंडात राहिले ते दिवस आठवले. ब्रिस्टॉल ते बाथ असा जुना रेल्वेमार्ग आहे, रूळ काढून सायकलींसाठी केलेला, साधारण २१ किमी. शनिवारी तिथे सराव करायचे. वाटेत स्टेपल हिलचा बोगदा, मँगट्सफील्डला तर ओसाड फलाट अजून तसाच रस्त्याकडेला. मग एका सप्टेंबरात पॅनियर (सायकलच्या बाजूला लावायच्या पिशव्या) भरले, ट्रेनने डेव्हनमधलं बार्नस्टेपल गाठलं आणि टार्का ट्रेल नावाची सायकलवाट धरली. तीही जुनी रेल्वेच. उजव्या हाताला खाडी, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या, इन्स्टोला जपून ठेवलेली सिग्नलची केबिन. कुंपणाच्या काटेरी वेलींवर ब्लॅकबेरी लगडलेल्या, दर थोड्या वेळाने ब्रेक. बोटं जांभळी, हँडलची टेपही जांभळी.

वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून डोंगर फोडून, भराव घालून ती वाट जवळपास सपाट ठेवलेली. लादलेली सायकल आपसूक पळते. मीथला ट्रेल संपला आणि डेव्हनचे गावरस्ते सुरू झाले, तिथे उतरून ढकलणं नशिबी आलं. बॉडमिनला कॅमल ट्रेल, तीही जुन्या रेल्वेचीच वाट, मिळाल्यावर पुन्हा सुख, थेट पॅडस्टोच्या बंदरापर्यंत. सोबतीला कुणी नव्हतं, त्यामुळे कुठे थांबायचं यावर चर्चाच नाही. संसारी माणसाला ही केवढी चैन, ते मी सांगायला नको.

तुम्हीही लिहा. ग्रुपराइड नको, एकट्याने केलेलीच.

चाकमान्य
उरण, करंजा, रेवस. नेरूळहून अंधारात निघायचं, करंजाला होडीत सायकल चढवायची. खलाशी हात देतात. ओहोटी असेल तर जेटीवर शेवाळ असतं, क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट घालून मर्दुमकी दाखवू नये. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. मग आगरदांडा ते दिघी फेरीबोट, त्याच्या पुढे बागमांडला ते वेश्वी. वेश्वीला माझी सायकल आंब्याच्या टेंपोला सुतळीने बांधली होती. उतरेपर्यंत टेंपोवाल्याने दोन पायरी पॅनियरमध्ये कोंबले, पैसे घेईना.

पारसिककर
१८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्यालाच आली, ३४ किमी. तेव्हापासून रूळ रिकामा झालेला नाही. सायकलींसाठी जुना मार्ग हवा असेल तर आधी सकाळच्या एखाद्या फास्ट लोकलला हात लावून दाखवा :)

खाडीपलीकडे
@चाकमान्य, चढांचं का नाही लिहिलंत? नवीन पोरांना वाटतं सागरी महामार्ग म्हणजे सपाट. खाडी आली की खाली उतरा, फेरी घ्या, पलीकडे लागलीच चढ. दाभोळहून धोपाव्याला उतरलं की समोर जो चढ येतो, तिथे मी देवाचं नाव नाही, वेगळीच नावं घेतली.

चाकमान्य
मोटारीने गेलात की तो चढ दिसत नाही, म्हणून काका लोक सांगतात "सरळ रस्ता आहे".

निळी पाटी
माझा अनुभव थोडा कडू. कोकणातच, गाव सांगत नाही. फोनवर खोली ठरलेली. दारात पोचल्यावर "एकट्या लेडीजला देत नाही". अंधार पडलेला, पाय थरथरतायत. शेजारच्या दुकानातल्या मावशींनी ऐकलं आणि सरळ सायकलचं हँडल धरून मला घरी नेलं. रात्री सोलकढी, भात, तळलेला बांगडा. सकाळी निघताना "आईला फोन कर" असा दमही. आता मी मुक्काम फक्त घरगुती ठिकाणी करते, आणि फोनवर घरातल्या बाईशीच बोलते.

घोडबंदरची
@निळी पाटी, अगं, वाचूनच राग आला. मावशींना माझा नमस्कार सांग. फोनवर बाईशी बोलायचं हे मात्र पक्कं लक्षात ठेवते.

मीठगर
समुद्राकाठी मुक्काम असेल तर रात्री साखळी पुसून तेल द्या. न दिलं तर सकाळी नारिंगी पूड. तेल संपलं होतं तेव्हा श्रीवर्धनला एका शिंप्याकडून शिवणयंत्राचं तेल मागून घेतलं, घरापर्यंत पुरलं.

अटलप्रेमी
अटल सेतूवरून सायकल नेता येते का?

पारसिककर
मोटारसायकललाही बंदी आहे हो. सायकलचं स्वप्न झोपेतच बघा.

अटलप्रेमी
मग भाऊच्या धक्क्यावरून मांडवा रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट. ठाण्याहून धक्क्यापर्यंत कसं जायचं हा वेगळा धागा काढावा लागेल.

घणसोलीची सून
सगळं वाचलं, कुकर लावता लावता. मला जायचंय, पण सायकल घरात आणण्यापासूनच अडचण. सोसायटी लिफ्टमध्ये नेऊ देत नाही, खाली ठेवली तर सीट चोरीला जाते. बारावा मजला.

खाडीपलीकडे
पुढचं चाक काढा, सायकल उभी करा, वरून जुनी चादर. "सामान आहे" म्हणायचं.

घणसोलीची सून
केलं तेही. वॉचमन म्हणाला, मॅडम, चादरीतून पॅडल दिसतंय.

मीठगर
आमच्याकडे हाच नियम होता. मग सेक्रेटरींची ट्रेडमिल आली आणि लिफ्टनेच वर गेली. फोटो काढून ठेवलाय. नियम गायब. तुमच्या सेक्रेटरींकडे काय काय येतं त्यावर लक्ष ठेवा.