मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईनंतर पाणी कुठे?
नमस्कार मंडळी, जानेवारीअखेर आम्ही चौघं रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेक करतोय, कात्राबाई खिंडीतून कुमशेत गाव, मग गडाच्या पायथ्याचं पाचनई. मागच्या वेळी खिंडीच्या जंगलात ढोरवाटांनी असं चकवलं की दोन तास फिरून परत त्याच कारवीच्या झुडपांत, बाटलीच्या तळाशी चार घोट पाणी आणि रेंजची एक काडीपण नाही, धाकट्या भावाचा सुकलेला चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. यावेळी गावातला वाटाड्या घेणारच, माणशी चार लिटर पाणी, हेडटॉर्च, शिट्टी पण आहे. पण खिंडीनंतर जानेवारीत पाणी कुठे टिकतं? आग्यामोहोळं कोणत्या टप्प्यात आहेत, म्हणजे तिथे धूर, डिओ काहीच नको हे पोरांना आधीच बजावता येईल. आणि घरी फोन लागेल अशी जागा मधे कुठे आहे का? नुकतं कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.