तलाव ‘होता तसा’ सोडायचा म्हणजे नेमका कसा?

तापीकाठ (धागाकर्ता)

परवा आपल्या पक्षी गटावर एक फोटो फिरला. सातपुड्याच्या पायथ्याचा तलाव, काठावर पोकलेन, बांधावरच्या बाभळी आडव्या पडलेल्या, तलावात पाणी आणणाऱ्या चारीतला गाळ उपसून बाजूला टाकलेला. खाली लिहिलं होतं, "पक्ष्यांचं घर पाडलं. माणसाने हात लावू नये, तलाव होता तसा सोडावा." त्यावर हळहळ व्यक्त करणाऱ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

होता तसा म्हणजे कधी होता तसा? आपल्याकडचे बहुतेक तलाव माणसाने बांधलेत. कितीतरी तर १९७२ च्या दुष्काळी कामांवर आपल्याच आज्या-आजोबांनी टोपल्या वाहून उभे केलेत. त्याआधी तिथे नाला होता आणि तो दिवाळीनंतर कोरडा पडायचा. बदकं नंतर आली, बांधामुळे आली. तापीवरच्या हतनूरला हजारोंनी पक्षी उतरतात म्हणून आपण अभिमानाने सांगतो, तेही ४१ दरवाजांचं धरणच आहे.

तलवार बदक, थापट्या ही बदकं बुडी मारत नाहीत. डोकं पाण्यात, शेपूट वर, अशी चरतात. त्यांना गुडघ्याच्या आतलं पाणी लागतं आणि खाली बी-किड्यांचा चिखल. सपाट काठाच्या तलावात सांडव्याची कड वीतभर जरी फुटली तरी ती उथळ पट्टी उघडी पडते. नाल्यातून पाणी आणणारी चारी बेशरमीच्या झुडपांनी आणि पाणकणीस गवताने तुंबली तर तलाव भरतच नाही. आणि बांधावर बाभूळ वाढू दिली तर मुळं भरावात शिरतात, त्यांच्या कडेने पाणी वाट काढतं. मग एका पावसाळ्यात बांध जातो. बांध गेल्यावर पक्षी कुठे उतरणार, याचं उत्तर त्या फोटोखाली कोणी दिलेलं नाही.

"हात लावू नये" या विचाराचं काय होतं ते राजस्थानातल्या भरतपूरने दाखवलंय. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचं पाणीच मुळात अजान बांधातून यायचं. आत बांध घालून वेगवेगळे कप्पे केलेत, दारं उघडून-मिटून पातळी राखतात. १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली. गवत माजलं, उघडं पाणी झाकलं गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला की म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळं होतं. पक्ष्यांवरचं प्रेम खरं असेल तर बांध, मोरी (पाणी सोडायचं दार) आणि चारी यांची निगा मागा.

दुर्बीण_जळगाव

फोटो मी टाकला होता, त्यामुळे उत्तरही मीच देते.

दादा, तुम्ही माझं एक वाक्य उचललंत आणि तारीख सोडून दिलीत. फोटो जानेवारीतला आहे. तलावावर त्या आठवड्यात चक्रवाक होते, लालसरी होती, वारकरी (कूट) पक्ष्यांचे थवे होते. यंत्राला चिखलात उतरता येईना म्हणून मोरी उघडून पाणी सोडून दिलं. मी तिथे उभी होते. काठाचा ओला पट्टा दुपारपर्यंत सुकायला लागला आणि बदकं उठून गेली. सैबेरिया, मध्य आशियातून येऊन इथे चार महिने खाऊन परतीची चरबी साठवणारा पक्षी आहे हा. त्याला ऐन जानेवारीत उठवायचं आणि वर मला बांधकामशास्त्र शिकवायचं?

आणि त्या बाभळींवर रातबसेरा होता. बगळे, पाणकावळे, संध्याकाळी झाड पांढरं दिसायचं. "आडव्या बाभळी" म्हणून तुम्ही एका शब्दात ते संपवलंत.

भरतपूरही अर्धंच सांगितलंत. चराईबंदीच्या वेळी गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. म्हशी कशा चरतात हे ज्यांना माहीत होतं त्यांना विचारलंच नव्हतं. आपल्याकडेही तेच झालं. पोकलेन येणार हे गावात कोणाला माहीत होतं?

निवृत्त_कालवा_निरीक्षक

दोघांचंही वाचलं. नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून बोलतो.

ताई, तुमचा फोटो मोठा करून पाहा. बाभळी जमिनीपासून हातभर वर कापल्यात, खोडं बांधातच आहेत. हे झाड ठेवण्यापेक्षा वाईट. जिवंत मूळ निदान माती धरून असतं. कापलेलं मूळ काही वर्षांत कुजतं आणि त्याच्या जागी भरावात आरपार पोकळ नळी उरते. उंदीर, खेकडे, घोरपड त्यातच घर करतात. २०१९ ला कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं, लोक संतापले, आणि बरोबर संतापले. खेकडा बिळं करतोच. ती शोधून बुजवायला माणूस ठेवायचा असतो.

झाड काढायचं तर मुळासकट उकरायचं, खड्डा मोठा करायचा, थराथराने ओली माती टाकून धुम्मस करायची, म्हणजे ठोकून घट्ट करायची. गाभ्याला काळी माती, बाहेरून मुरूम. बांधाच्या पायथ्याच्या चरात झिरपणारं पाणी रोज बघायचं. स्वच्छ येतंय तोवर ठीक. गढूळ दिसलं की बांध आतून माती सोडतोय, त्या रात्री झोपायचं नाही. हे बघायला आमच्या वेळी चौकीदार होता. सायकलवर फिरायचा, हातात काठी, बिळात काठी घालून खोली बघायचा. आता एका माणसाकडे इतके तलाव आहेत की त्याला सगळ्यांची नावंही आठवत नाहीत. निवृत्त झालेल्याची जागा भरत नाहीत. हा विषय कोणी काढत नाही.

जानेवारीत काम का? मार्चअखेर. निधी खर्ची पडला पाहिजे, नाहीतर परत जातो. पक्षी कोणाच्या वेळापत्रकात नाहीत. पण ताई, "मे महिन्यात करा" म्हणाल तर तेही सोपं नाही. मेमध्ये माती भट्टीसारखी कोरडी असते. टँकरने पाणी न मारता टाकलेला कोरडा भराव पहिल्याच पावसात वाहतो, उतारावर घळी पडतात.

केळीवाला_रावेर

सगळे बांधावर बोलताहेत. त्या फोटोत गाळाचा जो ढीग दिसतोय तो कुठे गेला, हे कोणी विचारेल का? मी सांगतो. रात्रीतून वीटभट्टीवर गेला.

२०१७ ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. गाळ शेतकऱ्याने न्यायचा, शेतात टाकायचा. आम्ही ट्रॅक्टर लावून बसलो होतो. माझ्या बरड्या पट्ट्यावर केळी उभी राहत नाही, तिथे तो गाळ सोनं आहे. सकाळी गेलो तर ढीग अर्धा. विचारलं तर उत्तर नाही.

जाळंवाला

रावेरवाले भाऊ, गाळ तुम्हाला हवाच, पण तुम्ही लोक तो काढता कसा ते पण सांगा. जिथे ट्रॅक्टर सहज उतरतो तिथेच खोदता. काठाला विहिरीसारखे उभे खड्डे पडलेत. आमची मच्छीमार संस्था तलावाच्या ठेक्याचे पैसे भरते, आणि जाळं त्या कडांना अडकून फाटतं. मागच्या वर्षी एक वासरू त्यात गेलं.

केळीवाला_रावेर

आम्ही काढतो का? यंत्र सरकारचं, चालक ठेकेदाराचा. आम्ही फक्त भरून नेतो. उगाच शेतकऱ्याच्या नावाने पावती फाडू नका.

दुर्बीण_जळगाव

जाळंवाले दादा म्हणतात तेच बदकांचं नुकसान. उतरता काठ गेला की उथळ पाणी गेलं. मग फक्त बुडी मारणाऱ्या लालसरी, शेंडी बदकाला उपयोग, तलवार आणि थापट्याला नाही. आणि एक विसरू नका, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला पक्षी का येतात? १९०७ ते १९१३ मध्ये बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं २०२० ला, ते गाळामुळे. गाळ दिसला की काढ, हे थांबवा.

केळीवाला_रावेर

म्हणजे गाळ बदकांना ठेवायचा आणि आम्ही बरड जमिनीत मरायचं? ताई, मले सांगू नका, तुमचं पोट पगारावर आहे. केळीचा घड वाऱ्यात कोसळतो तेव्हा रात्री बागेत कोण उभं असतं? पट्टकादंब हंस हरभऱ्यात उतरतात, शेंडे खुडून नेतात, त्याचा पंचनामा कोण करतं? पक्षी मोजायला गाड्या येतात, हरभरा मोजायला कोणी येत नाही.

दुर्बीण_जळगाव

पगाराचं काढू नका. माझे वडील शेतकरी आहेत, गाळपेराच करतात. पाणी उतरलं की ओल्या गाळात टरबूज लावतात. काठ खोल खणला की त्यांची गाळपेर जमीनही जाते, खणणाऱ्यांनी आधी त्यांच्या घरी येऊन विचारायचं होतं.

तापीकाठ (धागाकर्ता)

भाऊ, वैयक्तिक नको. गाळावर वेगळा धागा काढा, मीही येईन. पण गाळ सगळा सारखा नाही. मोरीच्या तोंडाशी, चारीत आणि खोल पात्रात साचलेला गाळ काढलाच पाहिजे. वरच्या बाजूला जिथे नाला तलावाला मिळतो तो उथळ पसरट भाग राखला पाहिजे. हतनूरला पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि विदर्भाचा गाळ घेऊन येते. त्यामुळे साठा घटतो हे खरं, दीपनगरच्या वीज केंद्रापासून सगळ्यांना तेच पाणी पुरवायचंय हेही खरं. तिथल्या उथळ पट्ट्यांवरच पक्षी आहेत, हेसुद्धा खरं.

जाळंवाला

मग यंत्र उतरायच्या आधी खुंट्या ठोका. इथून खणायचं, इथून नाही. आम्हाला तलावाचा तळ पायाखालचा माहीत आहे. कोणी विचारत नाही.

पाटकरी_साक्री

उशिरा आलो. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली बंधाऱ्याची पाणीव्यवस्था. आहे म्हणायला आता जीव होत नाही. सरकारचा पैसा नाही, सरकारचा माणूस नाही, तरी बंधारे आणि पाट शेकडो वर्षं चालले. का? पाट साफ करायला खातेदारांनी माणूस द्यायचा, न देणाऱ्याकडून दंड. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, पंचांचा शब्द शेवटचा. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक, त्यामुळे पाण्याची पाळी सगळ्यांची सारखी. माझ्या आजोबांकडे पाटकरीपण होतं. पाट फुटला तर मध्यरात्री हाक मारली की माणसं फावडी घेऊन यायची, घरातलं जेवण टाकून.

वर धरणं झाली, विहिरी झाल्या, ज्याच्या त्याच्या मोटारी आल्या. पाटाची गरज संपली तसा पाटही मेला. तुमच्या तलावाचंही तेच झालंय. पाणी सगळे घेतात, बांध कोणाचाच नाही. त्यामुळे पोकलेन जानेवारीत आला की जूनमध्ये, यावर तुम्ही भांडताय, पण तो बोलावला कोणी हे गावाला ठाऊक नाही, मुख्य दुखणं ते आहे.

केळीवाला_रावेर

आप्पा, फड पद्धत चांगली होती, मान्य. पण एका फडात एकच पीक म्हटलं तर मी केळी कुठे लावू? जुनं ते सगळं सोनं नव्हतं. पाटाच्या शेपटाच्या शेतकऱ्याला तेव्हाही पाणी शेवटीच मिळायचं.

पाटकरी_साक्री

शेवटी मिळायचं, पण मिळायचं. आता शेपटाला पाटाची खूण पण सापडत नाही. अतिक्रमण करून नांगरलाय.

निवृत्त_कालवा_निरीक्षक

वाद चालू द्या, खोडांचं काम पावसाच्या आत व्हायला हवं, म्हणून लिहितो. मार्चअखेर सरली की पाणी उतरलेलं असेल, परतीचे पक्षी बहुतेक गेलेले असतील. तेव्हा पाण्याच्या बाजूची खोडं मुळासकट काढायची. पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या दगडी अस्तराचे, निसटलेले दगड परत बसवायचे. सांडव्याची कड दुरुस्त करायची. चारीतलं पाणकणीस कापायचं, पण एका बाजूचं. दुसरी बाजू पुढच्या वर्षी. ताईंसाठी सांगतो, कामाला त्यामुळे काही बिघडत नाही. भरावाला पाणी मारायला टँकर लागेल. आणि रातबसेऱ्याची झाडं बांधाच्या पायथ्यापासून लांब, तलावाच्या वरच्या काठाला लावा. तिथे बाभूळ कितीही वाढू द्या.

दुर्बीण_जळगाव

एप्रिलला माझी हरकत नाही. पण नवी बाभूळ बगळे बसण्याएवढी व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तेवढ्या वर्षांचं नुकसान झालेलंच आहे, ते भरून निघालं असं कोणी म्हणू नये. "हात लावू नये" हे वाक्य मी फोटोखालून काढते आणि "जानेवारीत हात लावू नये" असं लिहिते.

तापीकाठ (धागाकर्ता)

एवढं बदललंत तर माझं भांडण संपलं. माझ्या बाजूने मी ग्रामसभेत अर्ज देतो: काम कधी, कोणाचं, खुंट्या कुठे, हे आधी फळ्यावर लागलं पाहिजे. निरीक्षक साहेब, बांधावर एक चक्कर मारून खोडांना चुना लावून द्याल का? कुठलं आधी काढायचं ते ठेकेदाराला कळायला हवं.

निवृत्त_कालवा_निरीक्षक

येतो. जाळंवाल्यांना पण बोलवा, खुंट्या तेच दाखवतील.

केळीवाला_रावेर

टँकर मी देतो, माझा आहे. डिझेल गावाने टाकावं. आणि चारीतून निघणारा गाळ कोणाच्या शेतात जाणार त्याची यादी त्याच फळ्यावर लावा, भट्टीवाल्यांसमोर. यादी लागली नाही तर टँकर पण नाही.