शब्दचर्चा : ‘स्फुरदीप्ती’ आणि रेणूची ‘ठेवण’

ऐरोलीकरीण : एका लेखाचं भाषांतर करतेय. दिवा मालवल्यावरही काही सेंद्रिय संयुगं चमकत राहतात, त्यात रेणूच्या आकाराचा हात किती, असा विषय. सासऱ्यांना वाचून दाखवलं. या चमकेला मी वापरलेला ‘स्फुरदीप्ती’ (फॉस्फोरेसन्स) हा शब्द ऐकताच म्हणाले, “यात स्फुरद किती टक्के?” खताच्या गोणीवरचं नत्र-स्फुरद-पालाश! (‘सेंद्रिय’ने तर त्यांची खात्रीच पटली.) शब्द बदलू का? आणि ‘आकार’ही खटकतोय.

नौपाडा : सासऱ्यांची शंका रास्त आहे. गंमत म्हणजे खुद्द स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, चमक ही स्फुरदीप्ती नव्हेच. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडला लघवी आटवता आटवता जो पांढरा फॉस्फरस सापडला, तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन उजळतो. स्फुरदीप्तीत बाहेरचा उजेड आधी प्यावा लागतो. म्हणजे घोळ मुळातल्या ‘फॉस्फोरेसन्स’ या नावातलाच, मराठीच्या माथी नको. रुळलेला शब्द आहे, राहू द्या.

‘आकार’ मात्र बदलाच. ‘आकार लहान’ म्हटलं की माप डोळ्यांपुढे येतं. नाकाडोळ्यांची असते तशी रेणूचीही ‘ठेवण’ म्हणा. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन सपाट. योग्य द्रावकात विरघळवून उणे १९६ अंशांवर गोठवलं, तर त्याची चमक दोनेक सेकंद टिकते. बेंझोफिनोन या दुसऱ्या सेंद्रिय संयुगातली कार्बन अणूंची दोन कडी पंख्याच्या पात्यांसारखी पिळलेली, पण त्याचा खेळ काही मिलिसेकंदांत आटोपतो. दोष नुसत्या पिळाचा नाही हं. उजेड बाहेर पडायला इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) उलटावी लागते. सपाट नॅफ्थलीनमध्ये ते महाकठीण, म्हणून उजेड अडकून राहतो. बेंझोफिनोनच्या कार्बोनिलमध्ये (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडगोळीत) ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉन-जोडीमुळे ते सोपं होतं.

घणसोली : ठेवणीइतकीच ‘बसणी’ महत्त्वाची. रेणू मोकळा असला की हलतो, थरथरतो आणि ऊर्जा उष्णतेत घालवतो. स्फटिकात मात्र सकाळच्या ठाणे फास्टमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसासारखी गत, कोपरही हलवता येत नाही. शिवाय उजेड विझवणारा ऑक्सिजन आत शिरत नाही. काही स्फटिक खलात घोटले की ही घट्ट बसणी मोडते आणि चमक मंदावते.

ऐरोलीकरीण : ठेवण घेतली, बसणीही घेतली. मूळ लेखातल्या ‘लाँग-लास्टिंग’ला मी ‘दीर्घजीवी’ केलं होतं, ते आशीर्वादासारखं वाटतंय. ‘रेंगाळणारी स्फुरदीप्ती’ करते. आणि पहिल्याच पानावर तळटीप : खताशी संबंध नाही.